जुन्या बायबलमधला शेकेल एक, नव्या तळटिपेतला वेगळाच. गल्याथाचं चिलखत नक्की किती किलोचं?

नगरकरीण

सलाम सगळ्यांना. मी इथे नेहमी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, जरा लांबलाय पण वाचा प्लीज.

आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत मी सहावी ते आठवीची मुलं घेते. गेल्या रविवारी दावीद आणि गल्याथ होता. १ शमुवेल १७ मध्ये गल्याथाच्या चिलखताचं वजन पाच हजार शेकेल दिलंय आणि भाल्याच्या पात्याचं सहाशे शेकेल. एका मुलाने लगेच विचारलं, टीचर म्हणजे किती किलो? मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगते, आणि तेव्हापासून वही-पेन घेऊन बसलेय.

घरात आजेसासऱ्यांचं इंग्रजी बायबल आहे, मिशनच्या काळातलं, पानं पिवळी पडलीत, शेवटच्या पानांचे कोपरे वाळवीने खाल्लेत पण आकडे वाचता येतात. शेवटी वजनांचं कोष्टक आहे, त्यात चार रकाने, वर एलबी, ओझेड, डीडब्ल्यूटी, जीआर असं लिहिलेलं. शेकेलच्या ओळीत शून्य, शून्य, ९, आणि २ ४/७. खाली माने, म्हणजे ६० शेकेल, तिथे २, ३, ६, १० २/७. आणि किक्कार म्हणजे टॅलंट, तिथे ११३, १०, १, १० २/७.

मी असं केलं की एका किक्कारात ३००० शेकेल (५० माने गुणिले ६०), म्हणून ११३ पौंड १० औंसला ३००० ने भागलं आणि ५००० ने गुणलं, तर साधारण १९० पौंड आले, मोबाईलवर पौंडाचे किलो केले तर ८६ किलो. आणि पाळकसाहेबांकडे नवी इंग्रजी प्रत आहे तिच्या तळटिपेत सरळ १२५ पौंड दिलंय, म्हणजे ५७ किलो. २९ किलोचा फरक आहे हो. एवढा फरक कसा पडेल? मुलांना मी चुकीचा आकडा सांगणार नाही. तो डीडब्ल्यूटीचा रकानाही मला कळलेला नाही.

खडीसाखर

शेकेल = ११.३ ग्रॅम. गुणिले ५०००, साडेछप्पन्न किलो. तळटीप बरोबर आहे, जुनं कोष्टक चुकलेलं असणार, सोडून द्या ते.

कट्ट्यावरचा सराफ

ताई, जुनं कोष्टक सोडू नका, त्यात एक वेगळीच गोष्ट आहे, ती पुढे कोणी जाणकार सांगेलच, पण तुमच्या हिशोबात आधी एक गफलत झालीय ती मी सांगतो कारण हा माझ्या रोजच्या धंद्यातला विषय आहे, जळगावात सोन्याचंच दुकान आहे आमचं, तिसरी पिढी.

तुमच्या कोष्टकातला पौंड हा किराण्याचा पौंड नाहीच. डीडब्ल्यूटी म्हणजे पेनीवेट, त्यातला डी हा जुन्या इंग्रजी पेनीचा डी, जो मुळात रोमन दिनारिअसचा. आणि जिथे पेनीवेट दिसलं तिथे डोळे झाकून समजायचं की हे ट्रॉय वजन आहे, सोनंचांदीवाल्यांचं. २४ ग्रेनचं एक पेनीवेट, २० पेनीवेटचा एक औंस, म्हणजे ४८० ग्रेन, आणि १२ औंसांचा पौंड, म्हणजे ५७६० ग्रेन. नीट वाचा, बारा औंसांचा, सोळा नाही. किराण्याचा, म्हणजे अव्हॉर्डुपॉईज पौंड हा १६ औंसांचा आणि ७००० ग्रेनचा. तुमच्या मोबाईलने हाच धरला, कारण ट्रॉय पौंड इंग्लंडने १८७८ च्या कायद्याने बंद केला, फक्त ट्रॉय औंस ठेवला, जो आजही सोन्याच्या जागतिक भावात तुम्ही टीव्हीवर ऐकता.

आणि इथेच भलेभले फसतात, कारण ट्रॉय पौंड हलका आहे (३७३ ग्रॅम, किराण्याचा ४५३.६) पण ट्रॉय औंस मात्र जड आहे (३१.१ ग्रॅम, किराण्याचा २८.३५). म्हणजे नुसता पौंड किंवा नुसता औंस वाचून कुठला हे कळायला मार्गच नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी, ती म्हणजे ग्रेन. ६४.८ मिलिग्रॅम. म्हणून जुन्या इंग्रजी वजनाचं काहीही समोर आलं की मी आधी सगळं ग्रेनमध्ये करतो आणि मग पुढे जातो.

आता तुमचं कोष्टक. ९ पेनीवेट म्हणजे २१६ ग्रेन, वर २ ४/७, एकूण २१८.५७ ग्रेन. गुणिले ५०००, दहा लाख ९२ हजार ८५७ ग्रेन. भागिले ७००० केलं की १५६ पौंड किराण्याचे, म्हणजे जवळपास ७१ किलो. तर तुमचे ८६ आधी ७१ वर आले. ७१ आणि ५७ मधला फरक राहिला, तो माझ्या हातातला नाही.

पण ताई तुमच्यामुळे मला एक गंमतीचं सापडलं. तळटिपेतले १२५ पौंड भागिले ५००० म्हणजे १७५ ग्रेनचा शेकेल. आणि आपला तोळा किती? १८० ग्रेन! इंग्रज सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनवर पक्का केला, चांदीचा कलदार रुपया बरोबर तेवढ्याच वजनाचा. तो हिशोब असा चपखल बसवलेला की ट्रॉय पौंड म्हणजे ३२ तोळे, कमी नाही जास्त नाही, आणि ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण, म्हणजे सरकारी मण बरोबर १०० ट्रॉय पौंड. करून बघा, ३२०० गुणिले १८०, पाच लाख ७६ हजार.

म्हणजे बायबलमधला शेकेल हा आपल्या जुन्या तोळ्याला फक्त पाच ग्रेन कमी. माझ्या वडिलांच्या काळातल्या लाकडी पेटीत गुंजा अजून आहेत, लालबुंद, काळ्या डोळ्याच्या, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. या हिशोबाने शेकेल सव्वात्र्याण्णव गुंजांचा. पंचम जॉर्जचा रुपया घरात असेल तर मुलांच्या हातावर ठेवा, झिजलेला असला तर अजूनच चांगलं. शेकेल हातावर कसा लागत असेल ते त्यांना कळेल.

फक्त एक काळजी घ्या, आजकाल दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, मेट्रिक आल्यापासून. मी सांगतोय तो जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा.

मातीतला माणूस

सराफदादांनी अर्धं काम केलं, उरलेलं मी करतो. पुरातत्त्व शिकलोय आणि वजनं हा माझा जीव की प्राण असलेला विषय आहे त्यामुळे लांबण लागेल.

७१ आणि ५७ ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, शेकेल वेगळे आहेत. जुन्या इंग्रजी पंडितांकडे शेकेल कळायला काय होतं? चांदीची नाणी. यहूद्यांनी रोमनांविरुद्ध बंड केलं, इसवी सन ६६ ते ७०, तेव्हा त्यांनी स्वतःची चांदीची शेकेल नाणी पाडली, साधारण १४ ग्रॅमची. त्याआधी यरुशलेमच्या मंदिराचा कर सोर शहराच्या चांदीच्या नाण्यांत भरायचे, तीही १४ ग्रॅमच्या आसपासचीच. बिशप रिचर्ड कंबरलंडनी १६८६ मध्ये यहूदी मापं आणि वजनांवर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि इंग्रजी बायबलांच्या मागे पुढे छापली गेलेली कोष्टकं याच परंपरेतली. तुमचे २१८.५७ ग्रेन म्हणजे १४.१६ ग्रॅम. शिवाय किराण्याच्या औंसाचे ४३७.५ ग्रेन, त्याचं निम्मं २१८.७५, म्हणजे शेकेल जवळजवळ अर्धा औंस. तेव्हा तुमच्या आजेसासऱ्यांच्या बायबलमधला आकडा येशूच्या काळातल्या नाण्याला फार छान बसतो. पण दावीद त्याच्या हजार वर्षं आधीचा. दाविदाच्या काळात नाणी नव्हतीच.

मग वजन कशाने करायचे? दगडाने. हिब्रूत वजनाला शब्दच एवेन, म्हणजे दगड. अनुवाद २५ मध्ये पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन प्रकारची वजनं ठेवू नका म्हटलंय तिथे मूळात दगड आणि दगड असंच आहे. ते दगड जमिनीखाली होते, आणि ते नीट उकरून, तोलून, एकमेकांशी ताडून बघणं विसाव्या शतकात झालं, त्यामुळे कंबरलंडला ते दिसणं शक्यच नव्हतं.

मी त्यातल्या काहींच्या प्रतिकृती हातात घेतल्यात. चुनखडीचा गुळगुळीत घुमट, खाली सपाट, लाडवासारखा पण बुड कापलेला, एक शेकेलचा तर आवळ्याहून लहान. माथ्यावर एक खूण कोरलेली, वर दोन टोकं आणि खाली गाठ मारल्यासारखी, बांधलेल्या पिशवीसारखी दिसते. तीच शेकेलची खूण. शेजारी आकडा. यहूदाच्या राज्यातले हे दगड इसवी सनपूर्व आठव्या-सातव्या शतकातले, त्यांची सरासरी ११.३३ ग्रॅम येते, ग्रेनमध्ये १७४.८. तळटिपेतला १७५ तिथून येतो, इंग्रजी औंसाचे दोन पंचमांश, किराण्याच्या औंसाचे बरं का, ट्रॉयचे धरले तर १९२ ग्रेन होतील आणि पुन्हा घोटाळा.

त्या आकड्यांचीही एक भारी गोष्ट आहे. ४ शेकेलच्या दगडावर इजिप्शियन लिपीतला ५ कोरलेला असतो, ८ च्या दगडावर १०, १६ च्या दगडावर २०, २४ च्या दगडावर ३०. खूप दिवस याचा अर्थ लागत नव्हता. अर्थ असा लावतात की इजिप्तचं देबेन नावाचं वजन ९१ ग्रॅमच्या आसपास, त्याचे दहा भाग, आणि ८ शेकेल म्हणजे ९०.६ ग्रॅम. म्हणजे यहूदातल्या व्यापाऱ्याने आपला ८ चा दगड टाकला की इजिप्तच्या व्यापाऱ्याला त्यात त्याचे १० दिसायचे. दोन देशांच्या वजनांचं रूपांतर त्यांनी दगडातच कोरून ठेवलं होतं! सराफदादांचा ३२ तोळ्यांचा ट्रॉय पौंड वाचला तेव्हा मला हेच आठवलं, दोन्ही ठिकाणी कोणीतरी बसून दोन बाजारांचा मेळ घातलाय.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ शमुवेल १३:२१, गल्याथाच्या थोडं आधी, पलिष्टी लोक इस्राएलांचे नांगराचे फाळ आणि कुदळी धार लावून द्यायचे तिथे पीम असा शब्द आहे. अख्ख्या बायबलमध्ये एकदाच येतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांना त्याचा अर्थ लागला नाही, त्यांनी कानस असं भाषांतर केलं, कारण धार लावायचं चाललंय तर कानस असेल. मग उत्खननात दगड निघाले, साधारण ७.८ ग्रॅमचे, आणि त्यांच्यावर तीच अक्षरं, पीम! म्हणजे दोन तृतीयांश शेकेल, म्हणजे ती धार लावायची मजुरी होती. एका बोटभर दगडाने तीनशे वर्षांचं भाषांतर दुरुस्त केलं.

तर ताई, मुलांना चिलखत १२५ पौंड, म्हणजे ५७ किलोच्या आसपास असं सांगा, आणि पातं ६०० गुणिले दोन पंचमांश म्हणजे २४० औंस, बरोबर १५ पौंड, ६.८ किलो. पण "आसपास" हा शब्द सोडू नका. दगड एकसारखे नाहीत, कुठला थोडा जड, कुठला हलका, आणि गल्याथ तर यहूदाचा नव्हे, पलिष्टी.

नगरकरीण

बाप रे, किती मनापासून लिहिलंत दोघांनी. मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वहीत उतरवून घेतलं. पीमचं वाचून तर अंगावर काटा आला, तो अध्याय मी कितीतरी वेळा शिकवलाय.

आता मी स्वतः एक करून बघितलं, तपासाल का? निर्गम ३८ मध्ये निवासमंडपाचं सोनं २९ किक्कार ७३० शेकेल आहे. ३००० ने गुणून ८७,०००, अधिक ७३०. दोन पंचमांश औंसाने ३५,०९२ औंस, भागिले १६, २१९३ पौंड. आजेसासऱ्यांच्या कोष्टकात पुढे हंड्रेडवेट पण आहे, ते ११२ पौंडांचं ना? म्हणजे १९ हंड्रेडवेट ६५ पौंड. बरोबर का? आणि किक्कारात ३००० शेकेल हे मी कोष्टकावरून धरलं, बायबलमध्ये कुठे आहे का ते? कारण नव्या प्रतीत माने ५० शेकेलचा दिलाय आणि जुन्यात ६० चा, तिथे पण माझा गोंधळ झाला.

मातीतला माणूस

अगदी बरोबर आलंय. २० हंड्रेडवेटचा इंग्लिश टन २२४० पौंडांचा, त्याला ४७ पौंड कमी, किलोत ९९५ च्या आसपास.

३००० त्याच अध्यायात पुढच्या दोन ओळींत लपलंय. ६,०३,५५० माणसांनी प्रत्येकी एक बेका, म्हणजे अर्धा शेकेल दिला, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल, आणि ती चांदी भरली १०० किक्कार १७७५ शेकेल. वजा करा, ३ लाख भागिले १००. मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्या, त्यांना फार आवडेल.

मान्याचं म्हणाल तर दोन्ही हिशोब शेवटी ३००० वरच येतात, ५० चे ६० माने किंवा ६० चे ५० माने. यहेज्केल ४५:१२ मध्ये २०, २५ आणि १५ अशी बेरीज दिलीय, ती ६० होते. त्याच ओळीत २० गेऱ्यांचा (गेरा म्हणजे शेकेलहून लहान वजन) शेकेलही आहे. म्हणून मी मान्यावरून कधी हिशोब करत नाही, शेकेल आणि किक्कार धरून चालतो.

अश्दोदकर

शालोम सगळ्यांना, जरा उशिरा आले. आम्ही बेने इस्राएल, आजीचं माहेर रेवदंड्याकडचं, तिकडे आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद. माझा जन्म इथे इस्राएलमध्ये झाला पण घरात अजून मराठीच चालते.

शेकेल आमच्यासाठी रोजच्या पाकिटातली गोष्ट आहे. पण एक सांगते, इथे १९८० पर्यंत चलनाचं नाव लिरा होतं, म्हणजे पौंडच की, रोमन लिब्रावरूनच आलेला, ज्याच्यावरून ताईंच्या कोष्टकातलं एलबी आलं. तो लिरा जाऊन शेकेल आला. माझे वडील बरेच दिवस भाजीवाल्याकडे लिराच म्हणायचे.

हिब्रूत लिश्कोल म्हणजे तोलणे, मिश्काल म्हणजे वजन, आणि त्याच धातूवरून शेकेल. म्हणजे शेकेलचा मूळ अर्थच "तोललेलं". आणि तोळा कशावरून आला? तोलण्यावरूनच! हे मला सराफदादांचं वाचताना सुचलं आणि मी आईला फोन करून सांगितलं. अब्राहामने मकपेल्याची गुहा आणि शेत घेतलं तिथे चांदी मोजून दिली असं नाही, तोलून दिली असं आहे, चारशे शेकेल, व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने. म्हणजे साडेचार किलो चांदी तराजूत पडली असेल सगळ्यांसमोर.

आता एक तिसरा शेकेल पण आहे तो सांगते म्हणजे कुठे वाचलंत तर गोंधळ नको. आमच्यात पहिला मुलगा झाला की पिद्योन हाबेन करतात, कोहेनला, म्हणजे याजकाला, पाच शेकेल चांदी देऊन मुलगा सोडवून घेतात. तेव्हा चांदी साधारण १०० ग्रॅम धरतात, म्हणजे एकेक शेकेल २० ग्रॅमच्या जवळ. तो ना दगडातला ना नाण्यातला, तो जवाच्या दाण्यांवरून काढलेला. बाराव्या शतकात रामबाम या आमच्या मोठ्या धर्मपंडिताने लिहिलंय की मोशेचा शेकेल ३२० जवांच्या वजनाचा होता आणि नंतरच्या काळात तो वाढवून ३८४ जवांचा केला. एका जवाचं वजन किती धरायचं यावर पुढे सगळं अवलंबून, आणि धार्मिक देणं असल्यामुळे कमी पडू नये अशा बाजूने धरतात.

पण तो ३२० आणि ३८४ चा हिशोब बघा. ३८४ भागिले ३२०, १.२. मातीतल्या दादांचा दगडाचा शेकेल ११.३३, त्याला १.२ ने गुणलं तर १३.६. म्हणजे नाण्याच्या अगदी जवळ! जवाचं वजन काहीही धरा, शेकेल मधल्या काळात साधारण एक पंचमांशाने जड झाला ही आठवण आमच्या ग्रंथांत टिकून राहिली, दगड जमिनीखाली असताना. मला हे फार सुंदर वाटतं.

कट्ट्यावरचा सराफ

अश्दोदच्या ताई, वा! जवाचं वाचून आनंद झाला. इंग्रजांचा ग्रेन म्हणजे तरी काय, दाणाच. त्यांच्याकडे जुन्या कायद्यात पेनी ३२ गव्हाच्या दाण्यांची. आपल्याकडे गुंज. सगळीकडे सोनाराने शेतातलंच बी उचललंय. फक्त नगरच्या ताई, जव म्हणजे इंग्रजी ग्रेन धरू नका हां, ३२० ग्रेन केले तर शेकेल २०.७ ग्रॅमचा होईल, आणि पुन्हा चिलखत शंभर किलोच्या वर जाईल.

आणि मुलांना तोळ्यात सांगायचं असेल तर चिलखत ४८६१ तोळे, जवळपास ६१ शेर, म्हणजे दीड मणाच्या किंचित वर. सरकारी मण, ८२ पौंडांवरचा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचाच होता, त्या हिशोबाने साडेचार मण होतील. आपल्याकडेही मण म्हटलं की कुठला हे विचारावंच लागायचं.

खडीसाखर

मी वर घाईत लिहिलं होतं, जुनं कोष्टक सोडून द्या म्हणून, ते मागे घेतो. यातून एक शंका आली. योहान १९:३९ मध्ये निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन येतो, जुन्या इंग्रजीत शंभर पौंड आहे. हा पौंड कुठला मग? ट्रॉय की किराण्याचा?

मातीतला माणूस

दोन्ही नाही, छान विचारलंत. मूळ ग्रीकमध्ये लित्रा आहे, म्हणजे रोमन पौंड, १२ रोमन औंसांचा, साधारण ३२७ ग्रॅम. शंभर लित्रा म्हणजे ३२.७ किलो, किराण्याचे ७२ पौंड. १६११ च्या लोकांनी लित्राला सरळ पौंड म्हटलं आणि वाचणाऱ्याने आपल्या दुकानातला पौंड धरला तर ४५ किलो होतात. योहान १२ मध्ये मरीया जटामांसीचं तेल आणते तेही एक लित्रा, म्हणजे पाव किलोच्या वर, अर्ध्याच्या खाली. जुन्या करारातल्या वजनांना दगड, नव्या करारातल्यांना रोमन आणि ग्रीक मापं, हे वेगळं ठेवा.

नगरकरीण

आज रविवार, आत्ताच घरी आले, आधी इथेच लिहितेय.

सासूबाईंच्या ट्रंकेत पंचम जॉर्जचे दोन रुपये निघाले, एक इतका झिजलेला की राजाचं नाक दिसत नाही. आमच्या गल्लीतल्या सोनाराने काट्यावर ठेवून बघितला तर ११.४ ग्रॅम. म्हणजे अक्षरशः शेकेल! तो रुपया सगळ्या मुलांच्या हातातून फिरला. मग मी मिठाच्या एकेक किलोच्या सात पुड्या नेल्या होत्या, त्यातली एक थोडी रिकामी करून, त्या गोणपाटात बांधून एका लांब बांबूच्या टोकाला अडकवल्या, आणि म्हटलं आता हे एका हाताने धरून उभं राहा, हे फक्त भाल्याचं पातं आहे. एकालाही टोक वर ठेवता आलं नाही. ज्याने प्रश्न विचारला होता तो दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, मग बांबू खाली ठेवून म्हणाला, टीचर, आणि चिलखत याच्या आठपट?

मी फळ्यावर तिन्ही उत्तरं लिहिली, ८६, ७१, ५७, आणि प्रत्येक कशामुळे येतं ते त्यांच्याकडूनच काढून घेतलं. पाळकसाहेब मागे येऊन उभे होते, त्यांनी आजेसासऱ्यांचं बायबल मागून घेतलं आणि कोष्टकाचं पान बराच वेळ बघत होते. त्या पानाला आता मी पातळ कागद लावून घेणार आहे, वाळवी पुढे जायच्या आत.

पुढच्या महिन्यात अबशालोमचे केस आहेत, दोनशे शेकेल, राजाच्या वजनाने. ५ पौंड काढलेत मी, सव्वादोन किलोच्या वर. मातीतले दादा, हे राजाचं वजन दगडातलंच का वेगळं?

मातीतला माणूस

राजाचं वजन वेगळं असू शकतं ताई, मजकुरात तसं मुद्दाम सांगितलंय म्हणजे बाजारात दुसरंही चालत असणार. दगडांमध्येही शेकेलशिवाय नेसेफ नावाचे निघालेत, १० ग्रॅमच्या जवळचे, आणि बेकाचे ६ च्या आसपासचे. तेव्हा ५ पौंड सांगा, आणि "राजाच्या" या शब्दावर थांबून मुलांनाच विचारा की असं का लिहिलं असेल. तुमच्या त्या मुलाचं उत्तर इथे नक्की लिहा, मला वाचायचंय.